जागा

लोकलच्या लेडीज डब्यात उभ्या बाईने बसलेल्या बाईला विचारायचा प्रश्न एकच असतो आणि तो एका शब्दाचा असतो : ‘कुठे?’ समोरची ‘ठाणे’ म्हणाली, तर तिच्या गुडघ्यांना खेटून उभे राहायचे. ‘सीएसटी’ म्हणाली, तर पुढच्या बाकाकडे वळायचे. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये पापणी लवण्याइतकाही वेळ जात नाही, कारण तेवढ्या वेळात मागून दुसरी कुणीतरी तोच प्रश्न विचारते आणि जागा तिची होते.

जून २०२२ मधल्या एका मंगळवारी, तब्बल दोन वर्षे आणि तीन महिन्यांनंतर, मी डोंबिवलीहून निघालेल्या फास्ट लोकलमध्ये हा प्रश्न पुन्हा विचारला. खिडकीशी बसलेली बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती, त्यामुळे तिने लगेच उत्तर दिले नाही. सेकंद-दीड सेकंद गेला असेल. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेले, ‘आवाज येतोय का माझा?’

‘येतोय हो,’ ती मान वर करून म्हणाली. ‘घाटकोपर.’

घाटकोपरला उठणाऱ्या बाईच्या जागेचा कुर्ल्याला उतरणाऱ्या बाईला काडीचा उपयोग नसतो. तरी मी मुकाट्याने तिथेच उभी राहिले, कारण आजूबाजूच्या तिघीचौघी हसत होत्या आणि त्यांच्यातून वाट काढत पुढे जाण्यापेक्षा खिडकीबाहेर बघणे सोपे होते.

त्या वेळी मला ती निव्वळ फजिती वाटली. पुढच्या काही महिन्यांत लक्षात आले की, घरून काम करण्याच्या काळात माझ्यातले नेमके काय बिघडले होते, ते त्या एका वाक्यात आले होते. समोरचा माणूस क्षणभर गप्प राहिला, तर तो विचार करत असेल, चिडला असेल, संकोचला असेल किंवा नुसताच पर्समध्ये काही शोधत असेल, या साऱ्या शक्यता माझ्या डोक्यातून पुसल्या गेल्या होत्या. गप्प राहण्याचा माझ्यापुरता एकच अर्थ उरला होता : लाइन गेली.

माझ्या जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक त्रैमासिक पास अजून आहे, मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात काढलेला. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूनंतर लोकल थांबल्या, तेव्हा त्याचे जेमतेम दोन आठवडे वापरून झाले होते. पुढचा क्रम मुंबईकरांना पाठ आहे : १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या, २१ ऑक्टोबरपासून बायकांना ठरावीक वेळात मुभा मिळाली, फेब्रुवारी २०२१ मध्ये गर्दीच्या वेळा वगळून सगळ्यांना प्रवेश मिळाला, एप्रिलमध्ये पुन्हा दार बंद झाले आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन डोस घेऊन १४ दिवस उलटलेल्यांना पास मिळू लागला. मी ज्या सर्वसाधारण विमा कंपनीत काम करते, तिच्या कार्यालयात या काळात मोजकीच माणसे जात होती आणि मी त्यांत नव्हते. आमच्या डायनिंग टेबलाच्या एका कोपऱ्यावर माझे कार्यालय भरत असे. रोज सव्वाअकराला खालून जाणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी चेन्नईच्या सहकाऱ्यांना इतकी सवयीची झाली होती की, एखाद्या दिवशी तो आला नाही तर ते चौकशी करत. याहून अधिक त्या दिवसांबद्दल लिहीत नाही. प्रत्येकाच्या घरात थोड्याफार फरकाने तेच चालले होते.

शांततेकडे वळते. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतील भाषाभ्यासकांनी २००९ मध्ये जगभरातील दहा भाषांमधली संभाषणे तपासून असे दाखवले होते की, एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचे उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग जातो. त्या दहा भाषांत मराठी नव्हती. लेडीज डब्यातली मराठी असती, तर सरासरी नक्कीच खाली आली असती. इतक्या बारीक फटीत आपण एकमेकांचे बोलणे गुंफत असतो आणि म्हणूनच ती फट थोडी जरी रुंदावली, तरी आपल्याला ते जाणवते. पुढे २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी फोनवरच्या संभाषणात मुद्दाम उशीर घालून पाहिला. १.२ सेकंदांच्या उशिराने पलीकडचा माणूस कमी मनमिळाऊ आणि कमी लक्ष देणारा वाटू लागला, आणि दोष तारेचा असूनही त्याचे खापर माणसाच्या स्वभावावर फुटले. दोन वर्षे आपण सगळ्यांनी दिवसाचे सहा-सात तास अशा फटींमध्ये काढले. काहींनी त्यावर उपाय म्हणून सलग बोलत राहायची सवय लावून घेतली आणि काहींनी बोलणेच सोडून दिले. मी पहिल्या गटात गेले, कारण बैठक चालवण्याचे काम माझ्याकडे होते.

ही बैठक म्हणजे आमची दाव्यांची समिती. ठरावीक रकमेच्या वरचे किंवा वादाचे दावे तिच्यापुढे येतात, सर्व्हेअरचा अहवाल वाचला जातो, आणि किती द्यायचे किंवा का द्यायचे नाही, ते ठरते. पूर्वी ती दर मंगळवारी कार्यालयातल्या लांबट टेबलाभोवती बसत असे आणि सात-आठ फायलींना दोन-अडीच तास घेत असे. पडद्यावर आल्यानंतर तेवढ्याच फायली पन्नास मिनिटांत हातावेगळ्या होऊ लागल्या, आणि या वेगाचा मला अभिमान वाटत असे, हे कबूल केले पाहिजे. मी फाइल वाचायची, अहवालातली शिफारस सांगायची आणि विचारायचे, ‘कोणाची काही हरकत?’ कोणी बोलले नाही की, ‘चला, पुढे.’ कॅमेरे बहुतेकांचे बंद असत. काळ्या चौकोनांतली आद्याक्षरे हरकत घेत नसत.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. ठिकठिकाणी ते पहिल्या मजल्यापर्यंत चढले होते आणि त्यानंतरचे काही महिने आमच्याकडे चिपळूणच्या दाव्यांचीही रीघ लागली. त्यांतली एक फाइल एका लहान दुकानाची होती. मालाचे नुकसान किती झाले, हे सिद्ध करण्यासाठी साठ्याची नोंदवही हवी, आणि ती दुकानदाराने दिली नव्हती; म्हणून सर्व्हेअरने मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी रक्कम सुचवली होती. मी ती शिफारस वाचली, हरकत विचारली, ‘चला, पुढे’ म्हटले. नंतर त्या बैठकीचे रेकॉर्डिंग पाहिले, तेव्हा कळले की, या फायलीला आम्ही चार मिनिटेसुद्धा दिली नव्हती.

दुकानदाराने तक्रार केली आणि फाइल फिरून आमच्याच समितीकडे आली, तोवर ऑगस्ट २०२२ उजाडला होता. समिती आता पुन्हा टेबलाभोवती बसत होती. मी तीच वाक्ये त्याच क्रमाने वाचली, ‘साठ्याची नोंदवही सादर केली नाही’ या ओळीशी आले आणि नेहमीप्रमाणे हरकत विचारली. कोणी बोलले नाही. मात्र या वेळी ते गप्प असणे मला दिसत होते. डाव्या हाताला बसलेले आमचे लेखा विभागाचे गृहस्थ चष्मा काढून रुमालाने पुसत होते, जो त्यांनी दोनच मिनिटांपूर्वी पुसला होता. समोरच्या मुलाने, जो २०२१ च्या सुरुवातीला आमच्याकडे लागला आणि ज्याला तोवर मी एक ‘होकारार्थी चौकोन’ म्हणूनच ओळखत होते, पेनाचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. तो फायलीकडे पाहत नव्हता, माझ्याकडेही पाहत नव्हता. ‘चला’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तो म्हणाला, ‘मॅडम, माझं आजोळ तिकडचंच आहे. त्या गल्लीत पाणी पोटमाळ्यापर्यंत होतं. वही पोटमाळ्यावर ठेवलेली असली तरी वाहून गेली असणार. ती ते आणणार कुठून?’

‘मग साठा धरायचा कसा?’ लेखावाल्यांनी विचारले, पण त्यांचा सूर वाद घालण्याचा नव्हता. हा प्रश्न कोणीतरी काढण्याची ते वाट पाहत होते.

‘जीएसटीचे रिटर्न्स असतील ना. आणि ज्यांच्याकडून माल घेतला त्या घाऊक व्यापाऱ्यांच्या बिलांच्या प्रती. त्यांची वही तर भिजलेली नाही.’

उत्तर इतके सोपे होते. आम्ही कागद मागवले, दाव्याची नव्याने मोजणी झाली आणि रक्कम वाढली. बैठक संपल्यावर लिफ्टची वाट पाहताना मी त्याला विचारले की, वर्षापूर्वीच्या बैठकीतही तू होतास, तेव्हा का बोलला नाहीस? त्याने जरा अवघडून सांगितले, ‘बोलणार होतो. पण माइक चालू करेपर्यंत पुढची फाइल उघडली होती.’

लिफ्ट आली आणि गेली, आम्ही दोघेही तिच्यात चढलो नाही.

माझे वडील आयुष्यभर शास्त्रीय संगीत ऐकत आले आहेत आणि त्यांच्या बोलण्यात ‘जागा’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने येतो. गवई तानांचा पाऊस पाडत असताना ते ढिम्म बसून राहतात, पण दोन स्वरांच्या मध्ये एखादी नाजूक हरकत येते किंवा स्वर सोडून क्षणभर थांबणे येते, तेव्हा त्यांच्या तोंडून ‘वा! काय जागा आहे!’ निघते. गाण्यातल्या ‘हरकती’ला दाद आणि बैठकीतल्या ‘हरकती’ला अटकाव, हा एकाच शब्दाचा खेळ मला त्या लिफ्टसमोर सुचला असता, तर लेख तेव्हाच लिहिला असता. त्या दिवशी फक्त एवढेच उमगले की, जो वेळ वाचवल्याचे मी मिरवत होते, तो कुठून तरी कापून काढलेला होता, आणि ज्या जागी तो होता, त्या जागी बरेच काही घडत असे.

यावरून मी रोज कार्यालयात जाण्याच्या बाजूची आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर आहे. कुर्ल्याला उतरून पश्चिमेच्या बाजूला शेअर रिक्षाची रांग लावून वांद्रे-कुर्ला संकुलात पोहोचेपर्यंत, आणि संध्याकाळी तेच उलट्या दिशेने करेपर्यंत, माझ्या दिवसाचे चार तास संपतात. सोमवारी आणि शुक्रवारी हे चार तास मला परत मिळतात, त्यांतला निम्मा वेळ मी झोपते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. ही मिश्र पद्धत माणसांना धरून ठेवते, याला बऱ्यापैकी भक्कम पुरावाही आहे. चीनमधल्या एका प्रवासविषयक कंपनीने १,६१२ कर्मचाऱ्यांची जन्मतारखेच्या सम-विषमतेवरून विभागणी करून एका गटाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू दिले. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षांनुसार कामाच्या दर्जात फरक पडला नाही, नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटले. दुसरीकडे, ज्या ‘झूम’च्या नावाचे आपण क्रियापद करून टाकले, त्या कंपनीनेही ऑगस्ट २०२३ मध्ये कार्यालयापासून ५० मैलांच्या आत राहणाऱ्यांनी आठवड्यातून दोन दिवस प्रत्यक्ष यावे, असे फर्मान काढले. ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर. या हिशेबाने आमचे बदलापूरचे सहकारीही कार्यालयाच्या शेजारीच राहतात म्हणायचे.

माझी तक्रार दिवसांच्या संख्येबद्दल नाही. कुठले काम कुठल्या दिवशी करायचे, हे आम्ही उलटे लावले होते. पहिल्या वर्षी मी स्वतः पाहिले की, तीन तासांचा प्रवास करून आलेली माणसे कार्यालयात कानाला हेडफोन लावून, शेजारच्या टेबलावरच्याच माणसाशी ‘टीम्स’वर बोलत होती, कारण बैठकीत कोणीतरी एक जण घरी होता. २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की, व्हिडिओवरून बोलणाऱ्या जोड्यांना नव्या कल्पना कमी सुचतात, कारण नजर पडद्याला खिळून राहते. मात्र सुचलेल्यांतली चांगली कल्पना निवडण्यात त्या मागे पडत नाहीत. हे वाचले तेव्हा मला आमच्या फायलींचे दोन ढीग दिसू लागले. ज्यांत सगळे कागद आहेत आणि फक्त निवाडा करायचा आहे, त्या सोमवारी पडद्यावर घ्यायला हरकत नाही. ज्यांत कागदच नाहीत, त्या मंगळवारी टेबलावर.

कार्यालयाला मात्र अशा ढिगांत रस नव्हता. त्याला रस होता तो टेबलांच्या संख्येत. सगळे एकाच दिवशी येत नाहीत म्हटल्यावर टेबले कमी केली गेली आणि आदल्या रात्री मोबाइलवरून जागा राखायची व्यवस्था आली. माझा सतरा वर्षांचा ड्रॉवर गेला. ‘हॉट डेस्क’ची कल्पना ज्याने काढली, त्याने कधी तरी लोकलच्या डब्यात उभ्याने प्रवास केला असावा, अशी मला शंका आहे, फरक इतकाच की, आमच्या डब्यात ‘कुठे?’ असे विचारल्यावर निदान माणूस उत्तर देतो. पहिले काही आठवडे मी रात्री दहाला गजर लावून खिडकीजवळचे टेबल मिळवले. मग नाद सोडला.

एकमेकांच्या वेळापत्रकाचा खरा अंदाज आमच्यापेक्षा आमच्या इमारतीबाहेरच्या चहावाल्याला आधी आला. एकदा गुरुवारी मी त्याला सहज विचारले की, धंदा आता पूर्वीसारखा झाला का? तो म्हणाला, ‘मंगळवार ते गुरुवार दूध जास्त घेतो, मॅडम. सोमवारी निम्मं. शुक्रवारी तर भांडंच लहान काढतो.’ कुठल्याही मनुष्यबळ विभागाच्या तक्त्यापेक्षा हा हिशेब मला अधिक विश्वासार्ह वाटतो. तो सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण पातेल्याचा आकार तीनच दिवसांत मोठा असला, तरी खोलीचे भाडे महिन्याचेच द्यावे लागते, हे त्याने न विचारता सांगितले. डबेवाल्यांची अडचणही याच जातीची आहे. महिन्याच्या हिशेबावर उभ्या असलेल्या व्यवस्थेत आठवड्याला तीनच दिवसांचा डबा कसा बसवायचा? आमच्या सोयीचे दोन दिवस कुणाच्या तरी मिळकतीतून वजा होतात, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मी मंगळवारी दोन चहा घेते, एवढेच.

आता उरली नागपूरची गोष्ट. आमच्या समितीतले एक सदस्य नागपूर शाखेत आहेत आणि ते दर मंगळवारी टेबलाच्या टोकाला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर असतात. सगळेच पडद्यावर होते, तेव्हा त्यांची आणि आमची अडचण सारखी होती; आम्ही टेबलाशी परतल्यावर ते एकटे मागे राहिले. टेबलावर कोणी हळू आवाजात काही बोलले आणि आम्ही हसलो की, दोन सेकंदांनी भिंतीवरून आवाज येई, ‘कशाला हसून राहिले सगळे?’ आणि कुणीतरी तो विनोद पुन्हा सांगे, तेव्हा तो विनोद राहिलेला नसे. प्लेटमधली बिस्किटे फिरत, फायलींवर कोपरे टेकत, आणि आमच्या भुवयांच्या, खांद्यांच्या, पेनांच्या त्या सगळ्या बोलीतून ते वगळले जात. त्यांनी बोलायला सुरुवात करावी आणि टेबलावरच्या कोणीतरी त्याच क्षणी तोंड उघडावे, असे इतक्या वेळा झाले की, हळूहळू त्यांनी सुरुवात करणेच कमी केले. चिपळूणच्या फायलीत पेनाचे टोपण लावणाऱ्या मुलाला मी जे केले होते, तेच आता आम्ही सगळे मिळून एका ज्येष्ठ माणसाला करत होतो.

उपाय म्हणून सगळ्यांनी एकाच खोलीत बसून आपापल्या लॅपटॉपवरून बैठकीत यावे, असे एकदा करून पाहिले. आवाज इतका घुमला की, शेजारच्या खोलीतून माणूस आला. मग मी माझ्यापुरता एक साधा नेम केला. हरकत विचारून झाली की, टेबलाकडे न बघता पडद्याकडे बघायचे आणि मनातल्या मनात सातपर्यंत आकडे मोजायचे. सात सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. दहा माणसांसमोर ते काढून बघावेत. तिसऱ्या आकड्याला कोणीतरी खोकते, चौथ्याला खुर्ची करकरते. पहिल्या महिन्यात एका तरुण सहकारी मुलीने पाचव्या आकड्याला काळजीने विचारले होते, ‘मॅडम, तुम्हाला बरं वाटतंय ना?’ आता सगळ्यांना सवय झाली आहे, किंवा त्यांनी मला तऱ्हेवाईक ठरवून सोडून दिले आहे.

गेल्या मंगळवारी गोदामातल्या आगीची एक फाइल होती. कागद पूर्ण होते, अहवाल स्वच्छ होता, टेबलाभोवतीच्या कोणाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती आणि जेवायची वेळ झाली होती. मी हरकत विचारली आणि पडद्याकडे बघून मोजू लागले. पाचपर्यंत आले होते, तेव्हा भिंतीवरच्या पडद्यात नागपूरच्या माइकवरची लाल रेघ नाहीशी झाली.

‘मॅडम, एक मिनिट थांबता का,’ ते म्हणाले. ‘मले यातलं एक समजून नाही राहिलं.’